बँकॉकमध्ये कुटुंबासह एक दिवस: देवळं, बाजार आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुकेत-पट्टायाच्या सहलीत बहुतेकांच्या वाट्याला बँकॉकसाठी एकच मोकळा दिवस येतो. त्या एका दिवसात राजवाडा, बोट, झोपलेला बुद्ध, मॉल, पोरांसाठी मासे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी बाम असं सगळं बसवायचं असतं. जाणारी मंडळी साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. तिकिटांचे दर अधूनमधून वाढतात, निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

एका दिवसात खरंच काय काय होतं?

सकाळी राजवाडा आणि त्याच्या शेजारचं एखादं देऊळ, भर दुपारी कुठेतरी एसीत बसणं, संध्याकाळी एक बाजार. एवढंच. टूरवाल्यांच्या पत्रकात सात-आठ ठिकाणं छापलेली असतात, पण त्यातली निम्मी बसच्या काचेतून दाखवतात. बँकॉकचा ट्रॅफिक असा आहे की तीन किलोमीटरला पाऊण तास सहज जातो. म्हणून माझं एकच सांगणं असतं: या शहरात रस्त्यावर विसंबू नका. नदी आणि रेल्वे यांच्यावर दिवस बेता. एवढं जमलं तर बाकीचं आपोआप जमतं.

वार कोणता निवडावा?

बाजार कुठला करायचा आहे त्यावर. चतुचकचा प्रसिद्ध बाजार खऱ्या अर्थाने भरतो तो शनिवार-रविवारी. मधल्या वारी तुम्ही बँकॉकमध्ये असाल तर चतुचकचा नाद सोडा आणि प्रतुनामला जा, तिथे रोज खरेदी होते. राजवाडा बहुतेक दिवस उघडा असतो, पण राजघराण्याचा काही विधी असला तर पूर्ण किंवा अर्धा बंद ठेवतात. आदल्या रात्री राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून ठेवा. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतो. तेव्हा अख्खं शहर एकमेकांवर पाणी उडवत असतं, पोरं खूश होतात, पण खरेदीच्या पिशव्या घेऊन फिरायचे ते दिवस नव्हेत.

राजवाड्याला कसं जायचं?

स्कायट्रेनने, म्हणजे तिथल्या बीटीएसने, सफान ताक्सिन स्टेशनला उतरा. जिना उतरला की समोर साथोर्न धक्का. तिथून चाओ फ्राया नदीवरच्या बोटीने ‘था चांग’ धक्क्यापर्यंत जा. नारिंगी झेंड्याची बोट स्थानिकांची आणि स्वस्त, निळ्या झेंड्याची पर्यटकांची. धक्क्यावर निळ्याचं तिकीट आधी पुढे केलं जातं. नारिंगी हवी असेल तर तसं सांगा. जाताना डाव्या हाताला वाट अरुणचा उंच मनोरा दिसतो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), तो चुकवू नका.

येताना मात्र मेट्रो धरा. वाट फोच्या जवळच सनाम चाय हे भुयारी स्टेशन २०१९ साली सुरू झालं आणि या भागातला प्रवास एकदम सोपा झाला. स्टेशनाचे खांब आणि छत दरबारासारखे सजवले आहेत, फोटो काढणारे ट्रेन सोडून तिथेच रेंगाळतात. मेट्रोच्या गेटवर संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवता येतं, फक्त परदेशातले व्यवहार चालू करून ठेवलेले असायला हवेत. स्कायट्रेनचं तिकीट वेगळं. दोन कंपन्या, दोन तिकिटं, हे डोक्यात ठेवा.

किती वाजता पोहोचावं?

साडेआठला, दार उघडताना. दहाच्या सुमाराला बसेस ओतायला लागतात आणि ऊनही चढतं. शेवटचं तिकीट दुपारी साडेतीनला मिळतं, पण दुपारी जाण्यात काही अर्थ नाही, फरशी तापलेली असते. पहिल्या दिवशी भारतीय वेळेने साडेआठ म्हणजे तिथले दहा, हेही लक्षात असू द्या. घड्याळ दीड तास पुढे आहे आणि झोपमोड होते.

कपडे काय घालावेत?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचेही आणि पुरुषांचेही. साडी, पंजाबी ड्रेस, साधी फुल पँट यांना काहीच अडचण नाही. बर्म्युडा, बिनबाह्यांचे टॉप, फाटकी जीन्स, घट्ट लेगिंग यांना दारावर अडवतात. वरून ओढणी घेतली म्हणजे भागेलच असं नाही. अडवलं तर समोरच्या दुकानांत हत्तीच्या नक्षीच्या ढगळ विजारी मिळतात. त्या इतक्या हलक्या आणि हवेशीर असतात की कित्येक लोक पुढे आठवडाभर त्याच घालून फिरतात.

रस्त्यात एक गृहस्थ म्हणाले, ‘राजवाडा आज बंद आहे.’ खरं का?

नाही. चांगले इस्त्रीचे कपडे, कधी गळ्यात ओळखपत्र, गोड इंग्रजी. ‘आज पूजा आहे, एक वाजता उघडेल, तोवर तुम्हाला वीस बाटमध्ये टुकटुकने तीन देवळं दाखवतो.’ ही गाडी शेवटी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानाशी जाऊन थांबते. हसून हात जोडा आणि चालत राहा. राजवाडा बंद आहे की उघडा, हे फक्त दारावरचा गणवेशातला माणूस सांगेल. टुकटुकची हौस संध्याकाळी भागवा, आधी भाडं ठरवून, आणि पर्यटनस्थळाच्या दारात उभी असलेली सोडून दुसरी घेऊन.

राजवाड्यात नेमकं काय बघायचं? नुसते सोनेरी कळसच ना?

आपल्यासाठी तिथे एक मोठी गंमत आहे आणि घाईत ती नव्वद टक्के लोकांकडून सुटते. राजा पहिला राम याने १७८२ साली हा राजवाडा बांधायला घेतला. आवारातच वाट फ्रा केओ हे देऊळ आहे, पाचूच्या बुद्धाचं. मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटरची, उंच सिंहासनावर, आणि नाव पाचूचं असलं तरी दगड पाचू नव्हे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन पोशाख आहेत, ऋतू बदलला की ते बदलण्याचा मान राजाचा. आत फोटो काढू देत नाहीत. चपला बाहेर, आणि बसताना पाय मूर्तीच्या दिशेने करायचे नाहीत, मागे दुमडून घ्यायचे.

पण गंमत म्हणतोय ती बाहेरच्या ओवरीत आहे. देवळाभोवतीच्या संपूर्ण भिंतीवर रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रं. थाई रामायणाला रामाकियन म्हणतात. पोरांना सोबत घेऊन भिंतीकडेने चालत जा. हनुमान पांढराशुभ्र आहे, चटकन ओळखू येतो. एका ठिकाणी तो डोंगराएवढा होऊन रामाची अख्खी छावणीच तोंडात धरून बसलाय, कारण रात्री रामाला पळवून न्यायला मैयराप येणार आहे. हा म्हणजे आपला महिरावण. आजीला गोष्ट माहीत असते, नातवंडांना नसते, त्यामुळे इथे आजीचा भाव एकदम वधारतो. त्यांचं कथानक मात्र आपल्याहून बरंच वेगळं आहे. त्यांच्यात सीता ही रावणाचीच मुलगी, लहानपणी नदीत सोडून दिलेली. आणि हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला संसारी आहे! घरातल्या मोठ्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर तिथेच वाद सुरू होतो.

या ओवरीला अर्धा तास तरी द्या. तिकीट ५०० बाटचं आहे, कळसांसोबत सेल्फी काढून बाहेर पडणं परवडत नाही.

वाट फो आणि वाट अरुण दोन्ही करावीत का?

हिशेब बघा. राजवाडा ५००, वाट फो ३००, वाट अरुण २००. म्हणजे माणशी १००० बाट, चार मोठी माणसं असली तर ४०००. बाट साधारण अडीच-तीन रुपयांच्या घरात असतो. १२० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या मुलांना राजवाडा आणि वाट फो फुकट आहे.

माझं मत: राजवाडा आणि वाट फो आतून बघा, वाट अरुण नदीतून. फुटक्या चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला तो मनोरा जवळून छान दिसतो हे खरं, पण पायऱ्या फार उभ्या आहेत आणि तोपर्यंत सगळ्यांची बॅटरी उतरलेली असते. घरातल्यांना चालायचा त्रास असेल तर उलट करा: राजवाडा सोडा, वाट फो बघा आणि था तियेन धक्क्यावरून काही बाटमध्ये पलीकडे वाट अरुणला नेणारी होडी पकडा, मनोरा खालूनच बघा.

वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. पावलांच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं कोरली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत १०८ पितळी वाडगी ओळीने मांडलेली असतात. वीस बाट देऊन वाटीभर चिल्लर घ्यायची आणि प्रत्येक वाडग्यात एकेक नाणं टाकत पुढे जायचं. सगळ्या दालनात तो टण्-टण् आवाज चालू असतो. कंटाळलेल्या पोरांना यासारखं दुसरं औषध नाही.

बाबागाडी न्यावी का?

राजवाड्यात उंबरे आणि पायऱ्या फार, स्कायट्रेन स्टेशनांच्या प्रत्येक दाराला लिफ्ट नाही. दुमडणारी हलकी असेल तर न्या, नाहीतर पाठीवरची झोळी बरी.

शाकाहारी माणसाचं काय? कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं?

पंचाईत होते ती मटण-चिकनमुळे नाही, ते दिसतं तरी. खरी अडचण ‘नाम प्ला’ची, म्हणजे माशाच्या सॉसची. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही तो बेधडक पडतो. पपईच्या सोम तामात त्याच्या जोडीला सुकी कोळंबीही असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ असं थाई चिन्ह दिसलं की निर्धास्त व्हा. त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि लसूण-कांदाही चालत नाही. त्या चिन्हाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि विक्रेत्याला दाखवा.

आणि डाळ-पोळीवाचून ज्यांचं अडतं त्यांच्यासाठी सोपी वाट: सनाम चायहून मेट्रोने एकच स्टेशन पुढे साम योत. तिथून दहा मिनिटं चाललं की पाहुरत, बँकॉकमधली भारतीय पेठ. गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट दिसला की समजा पोहोचलात. डाळ, पोळी, चहा सगळं मिळतं. शेजारीच साम्पेंगची गल्ली सुरू होते, ती म्हणजे थेट भुलेश्वर: क्लिपा, लेस, मणी, खेळणी, वर हातगाड्यांची धडक.

संध्याकाळी मॉलमधलं फूड कोर्ट बरं पडतं. बऱ्याच ठिकाणी आधी कार्डात पैसे भरायचे, मग कुठल्याही काउंटरवर खायचं. उरलेले पैसे त्याच दिवशी परत घ्या. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात सगळ्यांना आवडतो. डुरियन मात्र चाखायचा तर तिथल्या तिथे. मेट्रोत, स्कायट्रेनमध्ये आणि बहुतेक हॉटेलांत त्याला बंदी आहे. वास घेतल्यावर कारण विचारावं लागत नाही.

स्वच्छतागृहं कशी असतात?

उत्तम, मॉलमध्ये तर फारच. आणि हो, पाण्याचा जेट असतो. हा प्रश्न सगळे शेवटी, आवाज खाली आणून विचारतात, म्हणून मधेच सांगून टाकलं. स्टेशनांवर मात्र स्वच्छतागृह मिळेलच असं धरून चालू नका. मॉल सोडतानाच सगळ्यांना जाऊन यायला लावा.

चतुचक की प्रतुनाम?

शनिवार-रविवार असेल तर चतुचक. सनाम चायहून मेट्रोत बसलं की गाडी न बदलता थेट कांफेंग फेत स्टेशन, आणि दोन नंबरच्या दाराने वर आलं की पाय बाजारातच. १५,००० हून जास्त गाळे, २७ विभाग. कपडे, मातीची भांडी, लाकडी खेळणी, साबणाची फुलं, जुनी जॅकेटं. सगळं बघायचं ठरवलं तर वाया गेलात. घरून एक यादी न्या, दोन-तीन विभाग करा. एखादी वस्तू आवडली आणि भाव पटला तर लगेच घ्या, ‘परत येताना घेऊ’ म्हटलं की तो गाळा पुन्हा सापडत नाही. गाळ्यावर विभाग आणि गल्लीचा क्रमांक लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढायची सवय लावून घ्या. करवंटीत मिळणारं नारळाचं आइस्क्रीम तिथेच खावं. प्राण्यांच्या विभागाकडे मुलांना नेऊ नका, पिंजऱ्यांतली गर्दी बघवत नाही.

बाकीच्या वारी प्रतुनाम. चित लोम स्टेशनपासून उंचावरचा झाकलेला पादचारी मार्ग थेट तिथपर्यंत जातो, रस्ता ओलांडावा लागत नाही. प्लॅटिनम मॉलमध्ये होलसेलच्या दराने कपडे मिळतात: एक घेतलं तर एक भाव, तीन घेतले तर कमी. तीन वेगवेगळ्या रंगांचे किंवा मापांचे चालतील का ते विचारा, बरेच हो म्हणतात. बहिणी-जावांनी मिळून खरेदी करायचा हाच फायदा. मापं आपल्यापेक्षा लहान असतात आणि अंगावर घालून बघू देत नाहीत, तेव्हा मोजपट्टी जवळ ठेवा. ‘फ्री साइझ’वर तर मुळीच भरवसा ठेवू नका.

वाटेत राचप्रसोंगच्या चौकात १९५६ सालचं एरावान देवस्थान लागतं, चतुर्मुख ब्रह्मदेवाचं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं मोजकी, इथे मात्र नवस फेडायला लोक नर्तकींचा ताफा नाचवतात. समोरच्या सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या दारात गणपती आहे. मोदक नाहीत, पण हार-फुलं भरपूर.

घासाघीस करायची का?

बाजारात हो, मॉलच्या दुकानांत नाही. पण आपल्या पद्धतीने निम्म्यावर सुरुवात केलीत तर समोरचा हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल. दहा-वीस टक्के सुटतात, तीन-चार नग घेतले तर जास्त. भाषा लागत नाही, कॅल्क्युलेटर पुढे सरकवतात, तुम्ही आपला आकडा टाकायचा. आवाज चढवायचा नाही. तिथे चढलेला आवाज म्हणजे बोलणं संपलं.

काय घ्यावं, काय टाळावं?

सुती कपडे, हत्तीच्या विजारी, हिरवा बाम, नाकाशी धरायच्या सुगंधी कांड्या, सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या. खाऊच्या पाकिटावरचे घटक वाचा, कोळंबी कुठेही निघते. बुद्धाची मूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे, विकत मिळत असली तरी हात लावू नका.

सोनं स्वस्त पडतं म्हणतात, घेऊ का?

याओवरात या चिनी पेठेतल्या लाल-सोनेरी सराफी पेढ्या बघून मोह होतोच. थाई दागिन्यांचं सोनं ९६.५ टक्के शुद्ध, आपलं २२ कॅरट ९१.६ टक्के, त्यामुळे रंग गडद दिसतो. वजनही बाटमध्येच सांगतात, दागिन्याचा एक बाट म्हणजे सुमारे १५.१६ ग्रॅम. पण भारतात उतरताना दागिन्यांवरची खास करसवलत एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठवड्याच्या सहलीवाल्यांसाठी नाही. तो हिशेब केला की बघण्यावर समाधान मानणंच बरं. रस्त्यावरच्या ओळखीतून दाखवलेली माणकं आणि नीलम तर अजिबातच नाही.

मुलं कंटाळली तर?

सयाम पॅरागॉनच्या तळघरात मोठं मत्स्यालय आहे, दुपारचे दोन तास निघतात, थंडगार. पैसे खर्चायचे नसतील तर लुम्फिनी उद्यानात जा. तळ्याच्या काठाने माणसाच्या उंचीएवढ्या घोरपडी निवांत हिंडत असतात. तानाजीच्या गोष्टीतली घोरपड कशी असेल ते मुलांना एकदाचं कळतं. लांबून बघा, खायला घालू नका.

लोक अचानक पुतळ्यासारखे का उभे राहिले?

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं. स्टेशन, उद्यान, चतुचक, जिथे असाल तिथे थांबा. आणखी दोन-तीन गोष्टी: बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, आणि राजघराण्याबद्दल थट्टेतही काही बोलायचं नाही. त्यासाठी कायद्याने तुरुंगवास आहे. नोट वाऱ्याने उडाली तरी पायाने दाबू नका, त्यावर राजाचं चित्र असतं.

कुणी हरवलं तर?

हॉटेलचं थाई अक्षरांतलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं, आजोबांच्याही. चतुचकमध्ये भेटायची जागा मधला घड्याळाचा मनोरा, दुसरी कुठलीच ठरवू नका. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

परत हॉटेलवर?

टॅक्सीचं मीटर ३५ बाटपासून सुरू होतं. चालक मीटर टाकायला तयार नसेल तर उतरा. ॲपवरून गाडी बोलावली तर कटकट कमी. पाच-सहा जणं असाल तर मोठी गाडी मागवा, साध्या टॅक्सीत चारच. मे ते ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पाऊस कोसळतो आणि टॅक्सी गायब होतात, तेव्हा स्कायट्रेनच खरी. ती साधारण मध्यरात्रीपर्यंत धावते.

व्हॅटचे पैसे परत मिळतात का?

मॉलमधल्या खरेदीवर मिळतात, बाजारातल्या गाळ्यांवर नाही. व्हॅट ७ टक्के आहे. एकाच दुकानात एकाच दिवशी २००० बाटची खरेदी व्हायला हवी, दुकानात पर्यटकांसाठीच्या परताव्याची पाटी हवी आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणून घरातल्या सगळ्यांची खरेदी एकाच बिलावर, एकाच पासपोर्टवर घ्या. फॉर्म त्याच दिवशी दुकानातून भरून घ्यायचा. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी कस्टमच्या खिडकीवर फॉर्म घेऊन जा. सामान दाखवायला सांगू शकतात, तेव्हा त्या वस्तू बॅगेत वरच ठेवा. पैसे पासपोर्ट तपासणी झाल्यावर आतल्या काउंटरवर मिळतात, थोडं शुल्क कापून.